गुडघ्याएवढ्या आवळीची सावली

नव्या रस्त्यासाठी आवळीची बाग तुटली, तेव्हापासून दूधविनायक मोहल्ल्यातल्या मालूमावशींनी दोन कार्तिक आवळीभोजन केलं नव्हतं. यंदा त्यांची भाची ऋता त्यांना हट्टानं गाडीत घालून शहराबाहेर घेऊन आली. ऋता वनखात्यात होती. तुटलेल्या झाडांच्या बदल्यात तिनं इथे नवी रोपं लावून घेतली होती.

रोपं गुडघ्याएवढी होती.

"याच्याखाली जेवायला मुंगीच व्हावं लागेल गं," मावशी म्हणाल्या.

"बस तर खरं मावशी. चटाई बिछवलीय मी."

मावशी बसल्या आणि भर दुपारी अंगावर गारवा आला. सावली पडली होती, चटाईभर आणि चटाईच्या बाहेरही. वर नुसतं आभाळ होतं. मावशींनी सावली नीट निरखली. पूर्वेची फांदी वानरांनी मोडली होती, तिथे तेवढाच उजेड होता. बागेतली त्यांचीच आवळी.

"बाळा, माझी आवळी परत आणलीस," म्हणत त्यांनी ऋताचा हात आपल्या कपाळाला लावला. "देव तुझं भलं करो."

ऋता सावलीच्या शेंड्याकडे बघत होती. दरवर्षी तिथवर चढून आवळे पाडायची ती तिची आई, मावशींची अक्का. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

वारा नव्हता. सावलीतली फांदी वाकली.

मावशींनी पिशवीतून तिसरी पत्रावळ काढली आणि भात वाढता वाढता, मान वर न करता म्हणाल्या, "सावकाश उतर गं, अक्का."