बकारामचं इंजिन

गाडी बटण दाबताच सुरू झाली आणि लीलाधरभाऊंनी कपाळाला हात लावला.

महिनाभर ते याच आवाजासाठी झुरत होते. गाड्यांचं दुकान टाकायचं म्हणून परदेशातून सुट्या भागांत मागवलेली ही नमुन्याची एकुलती एक मोटारसायकल गोरेगावच्या जुन्या राइस मिलच्या गोदामात पोत्यांवर पसरून पडली होती. बकाराम मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "अशा गाड्या तं मी डोये मिटून जोडतो!" प्रत्यक्षात इंजिन जोडलं की बोल्ट उरायचे, उघडलं की हरवायचे. बढाया जमेला, काम नावे.

आज सीमाशुल्काचे साहेब तपासणीला येणार होते. इंजिन सुटं आलं असेल तर कर थोडका. जोडून आलं असेल तर इतका, की दुकान उघडण्याआधीच शटर खाली. म्हणून भाऊंना आजच्यापुरतं तरी ते सुटंच हवं होतं. आणि नेमकं आजच सकाळी बकारामनं ते जोडून टाकलं.

"आजच काऊन जोडलं बे?"

"साहेब येऊन राहिले ना भाऊ! असा पसारा पाहिला असता तं तुमची इज्जत गेली असती."

"खोल परत!" भाऊ ओरडले, पण दारात जीप थांबलीच होती. "आता साहेबांपुढं एक बढाई मारली तं याद राख. नरमाईनं बोल."

साहेब गाडीभोवती फिरले. इंजिनापाशी वाकले. "हे तर तयारच आलेलं दिसतंय."

"नाही जी साहेब, याच गोदामात जोडलं. आमचा मिस्त्रीच सांगेल." भाऊंना एकदम धीर आला. महिनाभर ज्या फुशारकीनं त्यांचं डोकं खाल्लं, तिचाच आता आधार होता. हवी तेवढी मार, असं त्यांनी बकारामला डोळ्यांनी खुणावलं. बकारामला ते डोळे वटारलेले दिसले.

"काय हो," साहेबांनी विचारलं, "इंजिन तुम्ही जोडलंत?"

बकारामनं दुपट्टा काखेत धरला, हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा मान खाली घातली.

"मी कायचा जोडतो साहेब! जशी आली तशीच उभी केली."