गादीवरचा डाग

"आजही?" त्याने दारातूनच विचारलं. बायकोने नुसती मान हलवली आणि ओली चादर बादलीत टाकली.

आठवडाभर हेच चाललं होतं. बाबांचं अंथरूण रोज सकाळी ओलं. शेवटी आज तो मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट घेऊन आला. ते बापाच्या हातात देताना त्याची मान वर होईना.

"आणलंस? बरं केलंस," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाकीट उशीमागे ठेवलं.

तो एसी बसवणारा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की तो थेट बाबांच्या खोलीत आणायचा. "हा बघा, मीच बसवलाय. आवाज नाही की गळती नाही." हल्ली मात्र बाबा कुणासमोर जागचे हलत नसत. गादीवरच्या डागावर ठाण मांडून बसत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रबराची चादर अंथरायला तो वाकला. मानेवर टपकन काहीतरी पडलं. गार होतं. त्याने वर पाहिलं, तर एसीच्या कडेला दुसरा थेंब लोंबत होता.

त्याने झाकण उघडलं. आतला ट्रे काठोकाठ भरलेला. मग तो खिडकीशी गेला. पाणी बाहेर नेणारी नळी चौकटीवर वाईट दिसते, म्हणून गेल्याच आठवड्यात त्यानेच ती वर उचलून मागे वळवली होती. लोकांच्या घरी नळीला उतार हवा म्हणून हुज्जत घालणारा हा शहाणा, स्वतःच्या घरात पाणी चढावर पाठवत होता! त्याला स्वतःचीच किळस आली.

"बाबा, वरून थेंब पडतोय हे तुम्हाला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी. 'मी बसवलेला एसी गळत नाही, बाबा. तुमचं वय झालंय,' म्हणालास."

म्हणाला होता. तेही बायकोसमोर, हसत.

"मग पुन्हा का नाही बोललात? आम्ही तुम्हाला..." त्याची नजर उशीमागच्या पाकिटावर गेली.

तेवढ्यात दुकानातून हाक आली, "कोणी आहे का?"

बाबा घाईघाईने सरकून डागावर बसले. आवाज खाली आणत म्हणाले, "म्हातारा अंथरूण ओलं करतो, याचं कुणाला नवल नाही रे. एसीवाल्याच्या घरातलाच एसी गळतो म्हटल्यावर तुला कोण बोलावील? जा, आण त्यांना आत. मी बसलोय."