पिवळी साडी

केतकीने सकाळी केसांना कलप लावला आणि पिवळी साडी नेसली. आईला शीतनिद्रा केंद्रात झोपवलं त्या दिवशी तिने हीच नेसली होती. आईला ओळख पटायला बरी. अंथरुणाला खिळलेल्यांचं करायला सरकार घरोघर सेविका देणार होतं. कायदा होईपर्यंत सहाएक महिने आई झोपेल, तिचं वयही वाढणार नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. मग दर अधिवेशनात तो पुढच्या अधिवेशनावर गेला. अशी एकतीस वर्षं गेली, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात कायदा झाला.

झाकण उघडलं. सत्तर वर्षांच्या आईने डोळे किलकिले केले. बहात्तर वर्षांची केतकी काठी टेकत पुढे झाली.

“मावशी,” आई म्हणाली, “माझी मुलगी बाहेर थांबली असेल. तिला सांगा, आई उठली म्हणून. फार घाबरते हो ती.”

केतकीने पदर तोंडाशी धरला.

“सांगते,” ती म्हणाली.

तेवढ्यात नवी सेविका चाकांची खुर्ची घेऊन आत आली. तिने दोघींकडे पाहिलं आणि खुर्ची केतकीच्या मागे लावली.

“बसा आजी, सावकाश.”

पाय भरून आले होते. केतकी बसली.