टिंबाआड

पेन ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला लावला आणि सावनीचा हात जागीच थांबला. अप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून सगळं एकगठ्ठा उतरवून घेताना जो फोल्डर तिला दिसलाच नव्हता, तो इथे सगळ्यात वर होता. त्याचं नाव 'चेतन'. नावाआधी एक टिंब.

तिचा धाकटा भाऊ बायपासवर मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून हे नाव त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आई त्याचे फोटो बघत दिवसदिवस कॉम्प्युटरसमोर बसायला लागली होती. ना अन्न, ना झोप. शेवटी अप्पांनी एका दुपारी जाहीर केलं, फोटो सगळे पुसून टाकले. भिंतीवरचाही उतरवला. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण भाजी कुठली आणि दूध किती, एवढंच.

"अप्पा, हे काय?"

अप्पांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत आई कणीक मळत होती.

"हळू बोल. तुझ्या आईला कळलं तर ती परत अंथरूण धरेल."

पुसायला हात धजला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, चेतननेच घालून दिलेलं. त्यात नावाआधी टिंब घातलं की फोल्डर दिसेनासा होतो. नव्या लॅपटॉपमधल्या विंडोजला त्या टिंबाचं काही सोयरसुतक नाही. बापाने इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्याने एका क्षणात उघडं केलं.

सावनीने पहिला फोटो उघडला. फाटकाशी उभा राहून चेतन हसत होता. पण पडद्यावर तो आडवा होता, डावीकडे डोकं, उजवीकडे पाय.

"हा इथे आडवा कसा?" अप्पांचा आवाज एकदम बदलला. "जुन्यात उभा आहे की तो."

"तुम्हीच वळवून ठेवला असेल."

"मला फोटो उघडता येतो आणि मिटता येतो, बास. पहिल्यापासून तो आडवाच होता. मी मान वाकडी करून बघायचो. एका गुरुवारी मठातून आलो, उघडला, तर उभा." त्यांनी परत स्वयंपाकघराकडे बघितलं. "तेव्हापासून उभाच आहे. दर गुरुवारी मठातून आल्यावर कॉम्प्युटरला हात लावतो. बंद असतो, पण कोमट लागतो."

उभी हयात पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस हे सांगत होता. एका कॉम्प्युटरात वळवलेला फोटो दुसऱ्यात कधी कधी तसा येत नाही, हे तिला माहीत होतं. पण पहिल्यांदा तो वळवला कुणी, हे तिला कुठे माहीत होतं?

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर घरघरत होता. आता तो कधीही बंद पडेल असं झालं होतं, म्हणून तर हा लॅपटॉप आणला. उद्या भंगारवाला येणार होता.

"फाइली येतील गं ह्यात," अप्पा म्हणाले. "तो येईल काय?"

"येईल की, अप्पा," ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्याची तिला भीती वाटली.

"होगली बिडु," अप्पा पुटपुटले. जाऊ दे म्हणायचं असलं की त्यांना कन्नडच सुचायचं. आईच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी तो फोल्डर नव्या लॅपटॉपवरही लपवायला लावला. सावनीने लपवला, जुना कॉम्प्युटर बंद केला. आजही गुरुवारच होता. अप्पांनी उपरणं घेतलं, चपला घातल्या, दारातून एकदा कोपऱ्याकडे वळून बघितलं आणि मठाकडे निघाले.

फाटक वाजलं तशी आई पदराला हात पुसत बाहेर आली. खुर्ची ओढून ती सावनीच्या शेजारी बसली.

"सगळं आलं काय गं ह्यात?"

"आलं, आई."

"चेतन?"

सावनीने फाटकाकडे बघितलं. आईने मात्र हळूच तिच्या मांडीवर हात ठेवला.

"जुन्यात कंट्रोल धरून एच दाबलं की यायचा. चहा ठेवताना ह्यांची बोटं बघितली होती मी. ह्यात काय दाबायचं, ते शिकवून जा. ह्यांना बोलू नको, त्यांना सोसायचं नाही. आणि आडवा झाला असेल तर परत उभा कसा करायचा, तेही सांग बाई. लेकरू तसं पडलेलं बघवत नाही."