आखूड हौद्याची गाडी

“तो हो म्हणेल. हो म्हणाला तरी उतरून बघ.”

फेब्रुवारीत, दवाखान्यातल्या खाटेवरून, लोरीननं सुनेला एवढंच बजावलं होतं. टेस तिची उशी सारखी करत होती. तिला हसू आलं. “मॉम, चाळीस वर्षं ट्रेलर ओढतायत ते.”

“ट्रेलर तो ओढतो,” लोरीन म्हणाली. “दांडा मी ओढते.”

म्हाताऱ्या नवरा-बायकोचं नेहमीचंच, असं टेसला वाटलं.

आता मे संपत आला होता. नदीकाठच्या ट्रेलर-तळावर तिच्या सासऱ्यांनी, डेलबर्टनी, पिकअप चौदा नंबरच्या जागेपाशी आणून उभी केली. दर वर्षी याच सुट्टीत, याच जागेवर. मागे राहायचा तीस फुटी ट्रेलर, पुढे आखूड हौद्याची गाडी. हौदा आखूड म्हणून त्यातला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा सांधा, सरकता होता. अरुंद वळण आलं की खाली उतरायचं, दांडा ओढायचा, गाडी हळूच पुढे घ्यायची. हिच मागे सरकतो आणि ट्रेलरचा कोपरा केबिनपासून लांब राहतो. हे विसरलं तर तोच कोपरा मागच्या काचेवर येतो.

मागच्या सीटवर टेसची चार वर्षांची हॅटी होती. मांडीवर कॉफीचा रिकामा डबा, त्यात आजीच्या अंगणातली पिओनीची फुलं. वाटेत आजीच्या थडग्यावर एक डबा ठेवून झाला होता. हा दुसरा तिनं सोडलाच नव्हता.

डेलबर्ट मघाशी उतरून मागे जाऊन आले होते. टेसनं तरी विचारलं.

“डॅड, हिच सरकवला ना?”

“सरकवला.”

तिचा हात दाराच्या कडीवर होता. उतरून बघावं, असं तिच्या मनात आलं. पण म्हातारा सकाळपासून पहिल्यांदाच शीळ घालत होता. आपण तपासायला उतरलो तर काय वाटेल त्यांना? तिनं हात मांडीवर घेतला.

डेलबर्टनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं.

आवाज फार मोठा झाला नाही. काच आधी पांढरी झाली, मग सगळी एकदम आत आली. टेस सीटवरून मागे झेपावली. हॅटीच्या केसांत, गळ्यात, फुलांत काचेचे खडे होते. कानामागून रक्ताची एक बारीक रेघ खाली आली होती. पोर रडत नव्हती. टेसनं तिला छातीशी धरलं तेव्हा कुठे रडली.

“बरी आहे,” टेस पुनःपुन्हा म्हणत होती. कुणाला, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. “बरी आहे. बरी आहे.”

डेलबर्टचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आपल्या बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि हौद्याकडे बघून हाक मारली. रागानं नाही, रोजच्यासारखी.

“लोरीन, सरकवला नव्हतास होय गं?”

मग इंजिन चालू ठेवून ते बाजूच्या आरशात बघत राहिले. उत्तराची वाट बघत.

“ग्रँपा,” हॅटी हुंदके देत म्हणाली, “ग्रँडमा तर...”

टेसनं तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

गाडीच्या किल्ल्या आता टेसकडे असतात, सहा तासांवरच्या तिच्या घरी. मुलाच्या घरी राहायला डेलबर्ट तयार नाहीत. तो ट्रेलर त्यांच्या घरामागे उभा आहे आणि ते घर सोडून त्यातच झोपतात. टेस रोज संध्याकाळी फोन करते. जेवलात? जेवलो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. शेगडी बंद केली? केली.

वीस नंबरच्या हायवेनं कधी जाणार असाल, तर एन्सवर्थ गावाच्या अलीकडे डाव्या हाताला डेलबर्टचं पांढरं घर लागतं, फाटकाशी पिओनीची झुडपं आहेत. थांबा थोडं. विचारा त्यांना, सगळं ठीक आहे ना.

हो म्हणतील. हो म्हणाले तरी उतरून बघा.