रोज एक मिलिमीटर

"जोर लावायचा नाही," डॉक्टर निशिगंधा म्हणाल्या. "चावी फिरवायची, आणि टक् झालं की थांबायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन्ही बाजूंना."

संध्याने मान डोलावली. तिच्या मांडीवर दीड महिन्याची ज्ञानेश्वरी झोपली होती. दोन्ही कानांमागून काडीएवढी एकेक स्टीलची दांडी बाहेर आली होती.

पोरीचा खालचा जबडा जन्मतःच इतका लहान होता, की जीभ मागे पडून घसा बंद व्हायचा. उताणी ठेवली की ती निळी पडायची. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि ती काही वर्षं सांभाळायची, हा एक उपाय होता. डॉक्टर निशिगंधांनी दुसरा सुचवला. जबड्याचं हाड दोन्हीकडे कापायचं, स्क्रू बसवायचा आणि फट रोज एक मिलिमीटर वाढवत न्यायची.

"आणि मधली फट भरणार कोण?" संध्याच्या नवऱ्याने, निहारने विचारलं होतं.

"तिचं शरीरच भरतं. नवं हाड आपोआप येतं."

निहारने पोरीच्या एवढ्याशा हनुवटीवर बोट फिरवलं होतं.

ऑपरेशन रत्नागिरीतच झालं. पहिले चार दिवस चावी डॉक्टरांनी फिरवली. पुढचे आठ दिवस ती घरच्यांनी फिरवायची होती. घरी हे नीट जमतं का, हेच डॉक्टर तपासत होत्या. अकरा बाळं त्या अभ्यासात होती. फॉर्मवर संध्याचं नाव लिहिलं गेलं. "जिला शिकवलंय तिनेच फिरवायचं," डॉक्टरांनी बजावलं.

निहार जयगडच्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. मायलेकींना घरी सोडून तो ड्युटीवर गेला.

त्या संध्याकाळी संध्याने चावी दांडीला लावली आणि पोरगी किंचाळली. चावी दोनदा निसटली. ती भिंतीला टेकून रडत बसली.

"आण इकडं," तिची सासू गोदूबाई म्हणाली. उभा जन्म करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलण्यात गेलेली बाई. तिने साबणाने हात धुतले, पोरीला मांडीवर घेतलं. "काय काय सांगितलानी डॉक्टरनी? सगळा सांग."

संध्याने सगळं सांगितलं, हात धरून जागा दाखवली. गोदूबाई लगेच फिरवायला लागली नाही. पोरीचं रडणं थांबेपर्यंत गुणगुणत राहिली. मग उजवी बाजू. टक्. मग डावी. टक्. पोरगी जागी होती, पण रडली नाही.

"झाला. कागदावर खूण कर."

"आई, डॉक्टरांना कळलं तर?"

"पोरीचा जबडा वाढूं दे आधी."

पोरीच्या श्वासाची घरघर दिवसागणिक उतरत गेली. घरी आल्यावर चौथ्या दिवशी गोदूबाईने तिला उताणं निजवलं आणि संध्याला जवळ बोलावलं.

"आईक. काय आईकू येतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर गो," गोदूबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली.

सहाव्या दिवशी सकाळी डाव्या बाजूला चावी अडली. गोदूबाईने तिथेच हात काढला. "आत कायतरी बसलाय. मी जोर लावायची नाय. घेऊन जा."

संध्या पहिल्या एसटीने रत्नागिरीला आली. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. दांडीच्या खाचेत स्राव सुकून घट्ट बसला होता. त्यांनी तो साफ केला आणि राहिलेली डावी बाजू घरी जाऊन फिरवायला सांगितली.

"रेटली असतीत तर दांडीच मोडली असती," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे तुमचा."

संध्याने चावी पिशवीत टाकली आणि पोरीला उचललं.

तीन महिन्यांनी स्क्रू काढायच्या आधी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही बाजू पुन्हापुन्हा मोजल्या.

"अकरा जणांत इतकं सरळ हाड कुणाचंच नाही. दोन्ही बाजू केसाच्या फरकाने सारख्या," त्या म्हणाल्या. "अलोऱ्याहून एक बाई आलीय, तिच्या बाळाला हाच त्रास आहे. खूप घाबरलीय. उद्या तुम्ही शिकवा तिला."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी नाही फिरवली, डॉक्टर," संध्या म्हणाली. "माझ्या हातून चावी निसटत होती. आमच्या आईंनी फिरवली. सोळाच्या सोळा वेळा."

डॉक्टरांचा चेहरा ताठ झाला. "फॉर्मवर नाव तुमचं आहे. हे मला नोंदवावं लागेल." त्यांनी फाईल उघडून तसं लिहिलं. "कुठे आहेत त्या?"

"बाहेर बाकावर."

संध्याने सासूला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. ज्ञानेश्वरी आजीच्या खांद्यावर शांत झोपली होती.

"टक् होतंय हे नेमकं कसं ओळखायचात?" डॉक्टरांनी विचारलं.

"टक् व्हायच्या आधीच बोटाला कळता. करंदीचा साल सुटायच्या आधी कळता ना, तसा."

"मला ते कळायला दोन वर्षं लागली," डॉक्टर हळू म्हणाल्या. रागाचा मागमूसही आता उरला नव्हता. त्यांनी पडदा गोदूबाईकडे वळवला. "हे बघा, आजी. काळ्या फटीत दुधाच्या सायीसारखं पांढरं दिसतंय ना? ते सगळं हाड नवं आहे. तुमच्या हातून वाढलेलं."

गोदूबाई डॉक्टरांच्या आवाजाच्या दिशेने हसली.

"कसा दिसता, ता तुम्हीच सांगा मला," ती म्हणाली. "माझे डोळे जाऊन अकरा वर्षां झाली."