थंड ज्योत

"चाळीस अंश?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हवेत उघडी ज्योत आणि तापमान चाळीस? एवढं तर तुमच्या जळगावात मे महिन्यात सावलीतही असतं!"

सुनंदानं टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या नळीतून विजेच्या दाबानं उजळलेली हेलियमची बोटभर जांभळी ज्योत फुसफुसत बाहेर येत होती. समोर भिंग, भिंगामागे वर्णपट टिपणारं यंत्र. ज्योतीचा उजेड यंत्रात शिरायचा, कागदावर रेषांचे डोंगर उमटायचे आणि त्यांच्या उंचीवरून सुनंदा तापमान काढायची. सहा वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. आज पदवी हुकली तर कॉलेजातली नोकरीही जाणार होती.

"सर, उजेड खोटं बोलत नाही."

"भिंग हललं की बोलतो. कधी बोट घालून पाहिलंत?"

"नाही सर. पाच हजार व्होल्ट आहेत. हात लावायचा नाही हा आमच्या प्रयोगशाळेचा नियमच आहे. धातूचं काही जवळ नेलं तर ठिणगी पडते, म्हणून थर्मामीटरही नाही."

"म्हणजे खात्री कुणालाच नाही!" त्यांनी प्रबंध मिटला.

झालं! सगळं मुसळ केरात. सुनंदाला रडूच कोसळणार होतं.

दाराशी तिची आई डबा घेऊन बसली होती. लेकीची परीक्षा म्हणून द्रौपदाबाई सकाळच्या एसटीनं पाचोऱ्याहून आल्या होत्या. दोघांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं, उठल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बोट सरळ ज्योतीत घातलं.

"आई!" सुनंदा किंचाळली.

द्रौपदाबाईंनी बोट काढलं नाही. परीक्षकांकडे बघून त्या हसल्या. "थंडगार शे, भाऊ."

परीक्षक पुढे सरसावले. "बघू, मीही घालतो."

"तुमना दोन्ही हातमा अंगठ्या शेतस ना! ठिणगी पडी."

परीक्षकांनी अंगठ्या ओढून पाहिल्या. जाड बोटांत रुतलेल्या त्या, कसल्या निघतात! त्यांनी हात मागे घेतला. द्रौपदाबाईंनीही बोट काढून हात पदराखाली घेतला.

"मोठमोठे पदवीवाले मला रोज बनवतात," परीक्षक हसत म्हणाले. "या माउलीला खोटं बोलून काय मिळणार? अभिनंदन, डॉक्टर सुनंदाबाई."

अख्खा विभाग गोळा झाला. सुनंदाचे पाय जमिनीवर ठरेनात. आईला स्टँडवर सोडायला जाताना तिनं वाटेत पेढे घेतले.

पाचोऱ्याची गाडी लागली होती. द्रौपदाबाई खिडकीशी बसल्या. सुनंदानं खालून पेढा पुढे केला.

आईनं डावा हात पुढे केला.

"आई, पेढा डाव्या हातानं?" सुनंदाला हसू आलं. डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून याच आईनं लहानपणी तिला धपाटे घातले होते.

"राहू दे वं."

सुनंदानं खिडकीतून हात घालून पदर बाजूला केला. उजव्या हाताचं पहिलं बोट टम्म सुजलं होतं. पेरावरची कातडी पांढरी होऊन सुटली होती.

कंडक्टरनं घंटी दिली.

"आई, तू थंड का म्हणालीस?"

"तुना उजेड थंड सांगस ना, बाई," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मंग मी गरम कशी सांगू?"